चिठ्ठीला आवक क्रमांक

आमच्या कॉलेजच्या रॅगिंगविरोधी पथकात मी पाच वर्षं आहे. बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे हॉस्टेलवर छापे घालणं. खरं काम चिठ्ठ्यांचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009 च्या नियमांनुसार पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी नव्या मुलांकडून नाव न लिहिता माहिती घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी एक छापील फॉर्म फिरवतात आणि सगळे ‘नाही’वर टिक करतात. मी तसं करत नाही. सारखे कापलेले कागद, सगळ्यांना एकाच रंगाची पेनं, वर्गात एकही सीनियर नाही. आणि प्रत्येकाने चार ओळी लिहायच्याच, मेसच्या जेवणाबद्दल लिहिलं तरी चालेल. नाहीतर जो लिहीत बसतो त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात.

त्या दिवशी 118 चिठ्ठ्या आल्या. एकीवर एवढंच होतं: ‘रात्री अडीचला पाणी भरायला उठवतात, त्यामुळे सकाळच्या प्रॅक्टिकलला झोप येते.’ त्यात रॅगिंग हा शब्दही नव्हता.

प्राचार्यांकडे जाण्याआधी मी ऑफिसात गेलो आणि चिठ्ठी आवक करून घेतली, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत चढवून घेतली. आमच्या क्लार्क मावशींनी काही न विचारता शिक्का मारला, क्रमांक टाकला, शेजारी वेळ लिहिली: 11.40. त्या दिवशी नियमाचा अर्थ सगळ्यात आधी कळला तो त्यांना.

प्राचार्य म्हणाले, “नाव नाही, सही नाही. लेखी तक्रार येऊ द्या, मग बघू. यंदा नॅक आहे.” नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यात लेखी तक्रारीचाच उल्लेख आहे, त्यावर सात दिवसांत चौकशी. पण यूजीसीचा नियम ‘कोणतीही माहिती’ म्हणतो आणि फौजदारी गुन्हा दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून 24 तासांत एफआयआर करायला सांगतो. घाबरलेलं मूल सही करून तक्रार देईल, ही अपेक्षाच मला क्रूर वाटते. मी आवक शिक्का दाखवला. ते बराच वेळ त्या वेळेकडे बघत राहिले, मग म्हणाले, “आज रात्री जाऊन या.”

रात्री अडीचला आम्ही तिघं मागच्या जिन्याने वर गेलो. दुसऱ्या मजल्यावर कूलरपाशी चार मुलं उभी होती. एकाने चादरीची झोळी करून गळ्यात अडकवली होती, तीत भरलेल्या बाटल्या. मी मोजल्या, अकरा. चादरीची गाठ मानेत रुतून लाल वळ उठला होता. मी झोळी उतरवायला हात पुढे केला तर तो मागे सरकला. म्हणाला, “सर, पाच मिनिटांत पोचलो नाही तर परत पहिल्यापासून भरावं लागतं.” मग हळूच, “माझं नाव नका लिहू.”

रेक्टरांची खोली त्याच मजल्यावर आहे. त्यांना म्हणे कधी आवाजच आला नाही. यावर माझा विश्वास नाही.

सकाळी दहाच्या सुमारास प्राचार्य स्वतः पोलीस ठाण्यात आले. फिर्याद कॉलेजने दिली, मुलाने नाही. हे त्यांनी केलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. तिघं सीनियर निलंबित झाले. पण जबाबासाठी त्या चौघांना भर दुपारी, वर्ग चालू असताना शिपाई पाठवून बोलावलं गेलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या हॉस्टेलला चार नावं पाठ होती. नाव फुटू नये म्हणून पेनाचा रंगसुद्धा मी जपला होता आणि बोलावणं कसं धाडायचं हे मात्र मी सांगितलं नाही. ती चूक माझी.

पंधरा दिवसांनी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. तेच कागद, तीच पेनं. 118 पैकी 118 जणांनी मेसच्या जेवणाबद्दल लिहिलं. रात्री दोनदा जाऊन आलो, कूलरपाशी कुणी नव्हतं. त्रास थांबलाय की मुलांनी लिहिणं थांबवलंय, हे त्या गठ्ठ्यावरून मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढची फेरी सोमवारी आहे.