मळा डोंगरापलीकडे, हौद अलीकडे

लेबनॉनच्या होशार घराण्याची वायनरी म्हणजे शातो मुसार. गास्तों होशार यांनी 1930 साली बैरूतच्या उत्तरेला गझीर गावात, एका जुन्या गढीत ती सुरू केली. द्राक्षं मात्र पर्वतरांगेपलीकडे बेका खोऱ्यात, सुमारे 1000 मीटर उंचीवर. शांततेत ही नुसती गैरसोय. 1975 ला यादवी पेटली आणि हाच रस्ता जिवावरचा झाला.

खुडलेल्या मालाला थांबता येत नाही. वरच्या घडांच्या भाराने तळातले मणी फुटतात, रस सुटतो आणि सालीवरचं यीस्ट कामाला लागतं. गाडी उन्हात अडकली की माल तापतो, वर हवा लागतेच. मग तयार होणाऱ्या अल्कोहोलचं व्हिनेगर करणारे जीवाणू सरसावतात. 1984 साली माल गझीरला पोचायला पाच दिवस लागले, तोवर ट्रकमध्येच आंबणं सुरू झालं होतं. त्याची वाईन केली, पण नेहमीसारखी बाजारात आणली नाही. 1976 ला तर वाईन झालीच नाही. पंधरा वर्षांच्या युद्धात हुकलेले हंगाम एवढे दोनच.

हे निभावलं सर्ज होशार यांनी. बोर्दोला शिकून आलेल्या गास्तों यांच्या या मुलाने 1959 पासून वाईनचं काम हाती घेतलं. काबर्ने सोव्हिन्यों, कारिन्यान आणि सँसो या द्राक्षांच्या तिन्ही जाती सिमेंटच्या हौदांत वेगवेगळ्या आंबवायच्या, बाहेरचं यीस्ट घालायचं नाही, तापमान 30 अंशांच्या आत ठेवायचं. फार तापलं तर यीस्ट मरतं, साखर अर्धवट उरते आणि त्या साखरेवर नको ते जीवाणू पोसतात. मग वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत, तिसऱ्या वर्षी मिश्रण आणि बाटलीबंदी, पुढे चार वर्षं तळघरात. विक्री सातव्या वर्षी! इतकी वर्षं पैसा अडकवून बसणं घरच्याच धंद्याला जमतं.

देशातलं गिऱ्हाईक युद्धाने तुटलं, पण 1979 च्या ब्रिस्टलच्या वाईन मेळ्यात ब्रिटनचं दार उघडलं. वाईनवरच्या ‘डिकँटर’ या ब्रिटिश मासिकाने आपला पहिला ‘मॅन ऑफ द इयर’ सर्ज यांना ठरवलं, तेही 1984 लाच.

पांढऱ्या वाईनच्या ओबैदे आणि मेरवा या जाती तिथल्याच. आपल्याकडे द्राक्षाचं कलम डॉगरिज या दुसऱ्या द्राक्षजातीच्या खुंटावर, म्हणजे तिच्या मुळांवर भरतात. या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.

जुनी रेड वाईन उघडायची तर बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. गाळ भरपूर असतो. हळूच दुसऱ्या भांड्यात ओता, गाळ मानेशी आला की थांबा. पांढरी फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका, गारठ्यात तिचा वासच येत नाही. तबेल्यासारखा किंचित वास, आंबटसर झाक या घराच्या वाईनला असतेच, आणि चाहते तिचं कौतुक करतात. पण नाकाला झोंबलं तर ती बाटली बिघडलेलीच समजावी.