रयतेचं कार्ड पुन्हा कोरं

रयत, जनता, पब्लिक असे माणसांच्या समूहाचे मराठी शब्द मी उदाहरणांसकट कार्डांवर जमवतोय. गेल्या खेपेला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, त्या कार्डांचा 'लोक' हा खण दिवाळीपर्यंत भरतो म्हणून. बोंबललं. 'रयत'च्या कार्डावरचं ऐकीव उदाहरण काल खोडावं लागलं, तेही शाईनं लिहिलेलं.

छापील एक आणि कानांनी ऐकलेलं एक, दोन्ही असल्याशिवाय कार्ड पक्कं नाही, हा आपला नियम. छापील रयतेला तोटा नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघडा, जुनी पत्रं उघडा. कानावर मात्र येईना. म्हणजे साताऱ्यात रोज येते, पण ती शाळेत जाते! 'पोरगी रयतला हाय', 'मामा रयतमधनं रिटायर झालं'. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात 'रयत शिक्षण संस्था' काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आली, आणि बघता बघता शब्द तिच्याच नावावर चढला. तक्रार नाही, मीही तिथंच शिकलो. पण कार्डाचं काय?

म्हणून ती सामान्यरूपाची कसोटी काढली होती: 'रयतला' म्हणजे संस्था, 'रयतेला' म्हणजे माणसं. परवा एसटी स्टँडवर मागच्या बाकावरून आलं, "रयतेला कोन इचारतंय?" अंगावर काटा आला. तारीख, जागा, सगळं टिपलं. मग राहवेना, वळून विचारलं, "कशाबद्दल बोलताय, दादा?" तर त्यांचा मुलगा रयतेत शिक्षक, बदलीचा विषय चालला होता. कार्ड गेलं, कसोटीही गेली.

(नव्या दुकानातली ती गुळगुळीत कार्डं घेऊ नका. शाई फुटते, खोडायला गेलं की लव निघते. लग्नपत्रिकेची कोरी पाठ केव्हाही बरी.)

एक मात्र झकास सापडलं. 'पब्लिक'चं लिंग! भाजी मंडईत तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं: 'पब्लिक लै हुशार झालंय', 'पब्लिक खवळलंय', 'पब्लिक ऐकत न्हाय, मागं लागलंय'. चक्क नपुंसकलिंग. तीन कार्डं एका सकाळी, वर भेंडी स्वस्त.

हे लिहिता लिहिता तीच कार्डं रयतेशेजारी मांडली आणि काहीतरी दिसलं. पब्लिक खवळतं, मागं लागतं, उठून जातं. रयतेला मात्र कुणीतरी लुटतं, नाहीतर सुखी ठेवतं. स्वतः ती फारसं काही करत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थच राखायचा कळप, चारणारा वेगळा. 'जनता' अधेमधे कुणाला माफ करत नाही, पण तेवढंही भाषणातच. पारावर कुणी 'जनता' म्हणत नाही, 'मानसं म्हनत्यात' म्हणतात. किंवा नुसतं 'म्हनं', ज्याला कर्ताच लागत नाही.

तेव्हा अकारविल्हे लावणं बंद. खण मोडतोय. आता कर्ता कोण आणि कर्म कोण, अशी विभागणी. 'चार लोक' आणि 'पाचामुखी परमेश्वर' यांचं भांडण (चौघांना घाबरायचं, पाचवा आला की देव कसा?) पुढच्या खेपेला.

बुधवारी सांगलीत हळदीच्या सौद्याला जातोय, कान उघडे ठेवून. जत, शिराळ्याकडच्या कुणाला रयत स्वतः काही करताना ऐकू आली तर वाक्य जसंच्या तसं पाठवा. आणि बोलणाऱ्याचा मुलगा कुठं नोकरीला आहे, तेवढं आधी विचारून घ्या.