बॅग नेमकी कुठे पडली होती?

आरोपीतर्फे मी उभा होतो. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९(६) लावलं होतं, म्हणजे जबरी चोरी करताना दुखापत. शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर दंड. प्रकरण तसं साधंच. उभ्या दुचाकीला अडकवलेली बॅग एकाने उचलली, मालकाने पाहिलं, झटापट झाली, मालकाचा ओठ फाटला. रक्त आलं म्हणजे जबरी चोरीच, असं सगळ्यांनीच गृहीत धरलेलं. तपास अधिकाऱ्यानेही.

मला अडला तो घटनास्थळाचा पंचनामा. बॅग मिळाली दुचाकीच्या मागच्या चाकाजवळ आणि रक्ताचे डाग तिथून बऱ्याच पावलांवर, फाटकापाशी. कायदा काय म्हणतो? मारहाण, अडवणूक किंवा त्याच क्षणी ती होईल अशी भीती, हे चोरी करण्यासाठी, चोरी करताना किंवा चोरलेला माल घेऊन जाण्यासाठी घडलेलं हवं. नुसता चाकू दाखवून पाकीट काढून घेतलं, अंगाला बोटही लावलं नाही, तरी ती जबरी चोरी. पण माल टाकून दिल्यावर केवळ सुटण्यासाठी मारलं, तर नाही.

उलटतपासणीत मी आवाज चढवला नाही. फिर्यादी सरळ माणूस होता.

"तुम्ही ओरडलात तेव्हा त्याने काय केलं?"

"बॅग टाकली आन् पळाला."

"मग?"

"मी मागून कॉलर धरली. त्याने कोपर मारलं."

"तेव्हा त्याच्या हातात काही होतं?"

"न्हाई."

सरकारी वकिलांनी मान वर केली. फिर्यादीत 'बॅग घेऊन पळताना मारले' असं लिहिलं होतं. ते वाक्य लिहून घेणाऱ्याचं असावं असा माझा अंदाज. अशी तयार वाक्यं ठाण्यात बरीच फिरतात.

जबरी चोरी टिकली नाही. चोरी (कमाल तीन वर्षं) आणि साधी दुखापत (कमाल एक वर्ष) सिद्ध झाली. ती व्हायलाच हवी होती, मी अशिलाला तसं आधीच सांगितलं होतं.

बाहेर फिर्यादी मला म्हणाला, "वकीलसाहेब, ओठ माझा फाटला, आन् जबरी न्हाई?" मी समजावलं. त्याला ते पटलं नाही, आणि त्याच्या जागी मलाही पटलं नसतं. आरोपीचा कच्च्या कैदेतला काळ शिक्षेतून वजा झाला, उरलेली शिक्षा भोगायला तो परत आत गेला.