ताटाची डावी बाजू आणि ग्रीक मेझे

तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील उपाहारगृहात 'ग्रीक प्लॅटर' या नावाने माझ्यासमोर लसूण घातलेले मेयोनीज, मक्याचे चिप्स आणि हमस आले. हमस, म्हणजे वाटलेल्या छोल्यांची चटणी, हा मुळात लेबनॉन-सीरियाकडचा पदार्थ, आणि मेयोनीजला त्झात्झिकी, म्हणजे दही-काकडीची ग्रीक कोशिंबीर, म्हणणे हा तर त्या पदार्थावर उघड अन्याय होता. त्या दिवसापासून अस्सल ग्रीक मेझे म्हणजे काय, हे वाचून आणि घरी करून पाहण्याचा मी ध्यास घेतला. या मे महिन्यात आमच्या सोलापूरच्या गच्चीवर आठ माणसांसाठी मी ते मनासारखे मांडू शकले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

'मेझे' हा शब्द तुर्कीतून ग्रीकमध्ये गेला, आणि तुर्कीत तो फारसीतून आला. फारसीत त्याचा अर्थ चव असा आहे, आणि आपला 'मजा' हा शब्दही त्याच घरचा आहे. जेवणाआधी भूक चाळवण्यासाठी दिलेला एखादा पदार्थ म्हणजे मेझे नव्हे. लहान लहान बशा मध्यभागी येत राहतात, सगळे जण त्यांतूनच घेतात आणि गप्पांमध्ये दोन-तीन तास सहज जातात. ग्रीसमध्ये सोबत बडीशेपेसारख्या वासाचे उझो हे मद्य असते, आणि ते रिकाम्या पोटी घ्यायचे नाही असा तिथला रिवाज आहे. आमच्या घरी त्याची जागा माठातल्या पाण्याने आणि लिंबाच्या सरबताने घेतली. आपल्या ताटाची डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लोणचे, भरीत, एवढीच वाढून ठेवावी आणि तेच जेवण मानावे, अशी कल्पना केली की मेझे लगेच समजते.

ही तुलना केवळ बोलण्यापुरती नाही. मेलिझानोसालाता म्हणजे आचेवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, फक्त फोडणीऐवजी त्यात लसूण, लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल असते. फावा म्हणजे पिवळी डाळ मऊ शिजवून घोटायची आणि वर कच्चा कांदा व तेल घालायचे. सान्तोरिनी बेटावरची फावाची डाळ आपल्या लाखेच्या डाळीच्या कुळातली आहे, पण ती इथे मिळत नसल्याने मी पिवळ्या वाटाण्याची डाळ वापरते, आणि ग्रीसमध्येही अनेक घरांत तीच शिजते. त्झात्झिकीसाठी लागणारे घट्ट दही म्हणजे श्रीखंडासाठी आपण बांधतो तो चक्काच. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असताना दही ओट्यावर टांगले तर ते चार तासांत आंबते, म्हणून पुरचुंडी चाळणीत ठेवून फ्रिजमध्येच निथळू द्यावी. काकडी किसून, मीठ लावून, दोन्ही तळव्यांत दाबून अगदी कोरडी होईपर्यंत पिळावी. पहिल्या खेपेला मी हे अर्धवट केले आणि तासाभरात बशीत पाणी सुटले. त्यात पडणारी हिरवी पालेभाजी म्हणजे शेपू. लक्ष्मी मंडईत ताजी जुडी मिळत असताना परदेशी वाळवलेल्या पुडीवर पैसे घालवणे मला पटत नाही.

दोन वस्तूंच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. ऑलिव्ह तेल 'एक्स्ट्रा व्हर्जिन'च हवे, कारण मेझेमध्ये ते बहुधा कच्चेच वरून घातले जाते आणि त्याचा कडसर, तिखट वास हाच पदार्थाचा कणा असतो. उरलेल्या चोथ्यातून काढलेले स्वस्तातले 'पोमेस' तेल इथे उपयोगाचे नाही. दुसरी वस्तू फेटा हे ग्रीक चीज. युरोपीय संघाने २००२ साली हे नाव ग्रीसपुरते राखून ठेवले. तो मेंढीच्या दुधाचा असतो, त्यात बकरीचे दूध जास्तीत जास्त ३० टक्के चालते आणि तो किमान दोन महिने मुरवावा लागतो. गाईच्या दुधाचा पांढरा ठोकळा कितीही चांगला असला, तरी त्याला ती खारट-आंबट धार येत नाही. माझ्या भाचीने पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने बर्फाच्या डब्यात घालून अस्सल फेटा आणला.

खरा आनंद मला द्राक्षाच्या पानांनी दिला. पानांत भात भरून केलेले दोल्मादाकिया बऱ्याच ठिकाणी बाटलीतल्या खारवलेल्या पानांचे करतात, आणि आपण तर द्राक्षांच्या जिल्ह्यात राहतो! ग्रीसमध्ये या पदार्थासाठी नावाजलेली सुलताना ही जात म्हणजेच आपली थॉम्पसन सीडलेस. तिच्यातूनच सोलापूरजवळच्या नान्नजच्या मातीत 'सोनाका' ही द्राक्षाची जात निवडली गेली. बागेतली पाने मात्र घेऊ नयेत, कारण त्यांवर सतत फवारणी असते. नान्नजजवळ आमच्या नात्यातल्या एका वस्तीवर दारातल्या मांडवावर फक्त सावलीसाठी एक वेल सोडलेला आहे, त्याला औषध लागत नाही. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटलेली, तळहाताएवढी, अजून चमक असलेली पाने मी तिथून खुडून आणली. गेल्या वर्षी जून झालेली पाने घेतली होती, ती दीड तास शिजवूनही दातांखाली चिवट लागली.

पाने उकळत्या मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवली की त्यांचा पोपटी रंग जाऊन ती तपकिरी-हिरवी होतात. शिरांची बाजू वर ठेवून देठ कापायचा, देठाकडे चमचाभर सारण ठेवायचे, खालची कड वर आणायची, दोन्ही बाजू आत दुमडायच्या आणि विड्यासारखी गुंडाळी करायची, पण सैल, कारण आतला तांदूळ फुगतो. बासमतीपेक्षा आंबेमोहोर इथे कितीतरी बरा, त्याचा चिकटपणा सारण धरून ठेवतो. सारणात कांदा, शेपू, पुदिना, लिंबू आणि भरपूर तेल. पातेल्याच्या तळाशी फाटकी पाने अंथरून गुंडाळ्या घट्ट रचाव्यात, वर ताटली दाबून ठेवावी आणि मंद आचेवर पाऊण तास शिजवून पातेल्यातच गार होऊ द्याव्यात. बिनमांसाच्या या प्रकाराला ग्रीक लोक 'यालान्जी' म्हणतात, म्हणजे तुर्कीत 'खोटारडा'. ईस्टरआधीच्या ४० दिवसांच्या उपवासात मांस, दूध, अंडे वर्ज्य असल्याने हा पदार्थ तिथे घरोघरी होतो, आणि आपल्या शाकाहारी घरांना तो कोणताही फेरफार न करता चालतो.

वाढताना सगळे एकदम मांडले नाही. आधी ऑलिव्ह आणि फेटा, मग त्झात्झिकी, मग फावा, आणि दोल्मादाकिया शेवटी, गारच. पावाच्या जोडीला कडक भाकरी ठेवली होती. ती ग्रीक नाही हे मी सर्वांना सांगितले, पण फावाबरोबर ती इतकी जमली की पाव तसाच राहिला. आत्याबाईंनी पहिली गुंडाळी उलगडून आत काय आहे ते नीट पाहिले, मग खाल्ली आणि म्हणाल्या, "अगं, आंबट कशानं आलंय? लिंबू का पान?" दोन्हींनी, असे मी सांगितल्यावर त्यांनी नुसते पान वेगळे मागून चावून पाहिले.

उरलेली साठेक पाने मी मिठाच्या पाण्यात चिनी मातीच्या बरणीत घालून ठेवली आहेत. ती श्रावणापर्यंत टिकली, तर त्या वेळच्या चवीबद्दल लिहीनच.