उल्दोल्मोकला जायचं तर तिथी बघून

यी सुन-शिन म्हटलं की प्रवासी सोलच्या ग्वांगह्वामुन चौकातल्या पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि झालं. मला विचाराल तर सोळाव्या शतकातला हा कोरियन नौसेनापती कळतो तो कोरियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, हेनाम आणि जिंदो बेट यांच्यामधल्या उल्दोल्मोकच्या चिंचोळीत. रुंदी जेमतेम 300 मीटर, आणि उधाणाला पाण्याचा वेग 10 नॉटच्या पुढे. नावाचा अर्थच आक्रोश करणारी सामुद्रधुनी. 1597 साली त्याने 13 जहाजांनिशी जपानी आरमाराला हरवलं ती लढाई इथलीच.

दिवस निवडायला घरचं कॅलेंडर पुरतं. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरा. आपलं उधाण म्हणजे तिथलं ‘सारि’, आपली भांगाची भरती म्हणजे ‘चोगुम’. चोगुमला गेलात तर ‘एवढंच?’ म्हणून परत याल. मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब इथे लावू नका, तास साफ चुकतात. दुसरी चूक म्हणजे जवळच्या मोक्पो बंदराच्या भरतीची वेळ गाठून येणं. पाण्याची उंची आणि प्रवाहाचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरियाच्या जलसर्वेक्षण संस्थेचं प्रवाहाचं कोष्टक पाहा आणि सर्वाधिक वेगाच्या तासभर आधी काठावर या. साधारण सहा तासांनी प्रवाह उलटतो. मधली काही मिनिटं पाणी थबकतं.

सोलच्या योंगसान स्टेशनाहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने मोक्पो साधारण अडीच तास. तिथलं बसस्थानक रेल्वे स्टेशनाला लागून नाही, हे धरूनच पुढची, हेनामच्या काठावरल्या उसुयोंगची बस ठरवा.

हेनामच्या काठावर, पाण्यालगतच्या खडकात, चिलखत-शिरस्त्राण नसलेला, हातात नकाशा घेतलेला सुमारे 2 मीटरचा पुतळा आहे. समोर जिंदोकडचा भव्य पुतळा आहेच, पण मला हा पटतो. कारण 1597 साली हा माणूस खरोखरच सगळं गमावून इथे आला होता. 1572 च्या लष्करी परीक्षेत घोड्यावरून पडून पाय मोडला, 1576 मध्ये उत्तीर्ण. उत्तर सीमेवर चौकी, एकदा पद काढून साधा शिपाई. 1591 मध्ये योसूला नौदलाचा अधिकारी. 1592 मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली, त्यात हानसानचा विजय, पुढच्या वर्षी तिन्ही दक्षिण प्रांतांच्या नौदलाचा प्रमुख. मग 1597 मध्ये तुरुंग, आणि पुन्हा साधा शिपाई. त्याच्या जागी आलेल्या वॉन ग्युनने चिल्चोल्र्यांगच्या लढाईत जवळजवळ सगळं आरमार बुडवलं, तेव्हा दरबाराला हा आठवला. हाती उरली 12 जहाजं, लढाईपर्यंत 13.

इथे सगळीकडे कासव-जहाजाच्या, म्हणजे वरून छत घातलेल्या त्याच्या प्रसिद्ध युद्धनौकेच्या, प्रतिकृती दिसतील. या लढाईत ती नव्हती; होती ती पानोक्सन ही कोरियन युद्धजहाजं. सपाट तळाची, कमी पाण्यात चालणारी, जागच्या जागी वळणारी. निमुळत्या तळाच्या जपानी जहाजांना अशा वळणांत तेच जमत नव्हतं. लोखंडी साखळी ताणून शत्रू अडवल्याची कथाही ऐकाल. त्याच्या रोजनिशीत साखळी नाही.

रोजनिशीत आहे ते जास्त मोलाचं. लढाईच्या आदल्या दिवशी त्याने जिंदोच्या ब्योक्पाजिनचा तळ उसुयोंगला हलवला. कारण लिहिलंय: थोड्या जहाजांनी ही सामुद्रधुनी पाठीशी घेऊन उभं राहू नये. म्हणून आधी ब्योक्पाजिन आणि मग उसुयोंग या क्रमाने जा, हा निर्णय पायांनी कळतो. दुसरा दिवस चांद्र नवव्या महिन्याचा 16 वा, म्हणजे वद्य प्रतिपदा. ऐन उधाण! रोजनिशीतली शत्रूची संख्या 133. बाकीची जहाजं मागे रेंगाळत होती, हा एकटा पुढे. आन वी या आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला त्याने ओरडून विचारलं, लष्करी कायद्याने मरायचंय का? मग आन वी शिरला. पाणी फिरलं तशी चिंचोळीत दाटलेली जपानी जहाजं एकमेकांत अडकली, 31 फुटली.

वसंतात आलात तर काठावर लांब दांड्याच्या जाळ्या घेतलेली माणसं दिसतील. प्रवाहाचा मारा चुकवायला बोयटासारखा मासा अगदी खडकाला घासून वर चढतो. जाळी मधल्या पाण्यात कोणी घालत नाही. ती तिथे हातातून जाईल.

त्या रात्री सेनापतीला रणांगणावरच नांगर टाकायचा होता. पाणी फार उग्र होतं, वारा उलटा होता. आपली 13 जहाजं घेऊन तो दांगसा बेटाकडे निघून गेला.