हार्डकोर ऐकणाऱ्याला इंडी रॉक कसे आवडते?

हार्डकोरचा, म्हणजे पंक रॉकच्या अतिवेगवान, आक्रमक प्रकाराचा, आरडाओरडा आणि इंडी रॉकची, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेल्या रॉकची, हळवी, गुंतागुंतीची गाणी एकाच माणसाला सारख्याच ओढीने कशी ऐकवतात, असे मला वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्यांनी मनाशी धरलेले असते की हे दोन वेगळ्या स्वभावांच्या लोकांचे संगीत आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो. आर.ई.एम.सारखे काही बँड निराळ्या वाटेने आले हे खरेच. पण १९८०च्या दशकातील अमेरिकन इंडी रॉकचा मला सर्वांत प्रिय असलेला भाग हार्डकोर वाजवणाऱ्यांच्याच हातून घडला. वेगाला जे देता येत होते ते देऊन झाल्यावर पुढे काय वाजवायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला आणि प्रत्येकाने त्याचे आपापले उत्तर शोधले.

त्या वेगाविषयी गैरसमज फार आहेत. ज्यांना वाजवता येत नाही ते जोरात वाजवतात, असे म्हणणाऱ्यांनी वॉशिंग्टन डी.सी.चा बॅड ब्रेन्स हा बँड ऐकावा. हे कृष्णवर्णीय वादक आधी जॅझ फ्यूजन (जॅझ आणि रॉक यांचे मिश्रण) वाजवत होते, आणि त्यांच्या अतिद्रुत गाण्यांतही चारही जण एकाच क्षणी थांबतात व एकाच क्षणी वळतात. त्याच शहरातील मायनर थ्रेट या बँडचे ‘स्ट्रेट एज’ हे गाणे अवघ्या ४६ सेकंदांचे आहे. तेवढ्यात नशा नाकारण्याची भूमिका पूर्ण मांडून होते आणि ध्रुवपदही येऊन जाते. पुढे एका सबंध जीवनपद्धतीला त्या गाण्याचे नाव मिळाले. माझ्या लेखी ही काटकसर उत्तम कारागिरीची खूण आहे.

मात्र काही वर्षांतच हार्डकोरचा गणवेश झाला. तोच वेग, त्याच घोषणा आणि मंचासमोर ढकलाढकली करणारी तीच दांडगट मुले. म्हणून १९७७ (पंकचा उदय) किंवा १९९१ (निर्वाना या बँडचे प्रचंड यश) या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या वर्षांपेक्षा मला १९८४ हे वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील ब्लॅक फ्लॅग या हार्डकोर बँडने ‘माय वॉर’ या अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर सहा मिनिटांहून लांब अशी तीनच संथ, जड गाणी ठेवली, आणि वेगासाठी आलेला श्रोता बिथरला. ती बाजू मला आजही पूर्ण ऐकवत नाही; तरीही ती अल्बममध्ये ठेवण्याचा निर्णय मला धाडसाचा वाटतो.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, ब्लॅक फ्लॅगचा गिटारवादक ग्रेग गिन चालवत असलेल्या एसएसटी या ध्वनिमुद्रिका कंपनीने दोन जोडअल्बम (दोन तबकड्यांचे अल्बम) काढले. पहिला मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरातील हस्कर डू या बँडचा ‘झेन आर्केड’. घर सोडून निघालेल्या एका मुलाची ही कथा आहे आणि तिच्यात हार्डकोरच्या शेजारी पियानोचे तुकडे, अकूस्टिक (विजेविना वाजणाऱ्या) गिटारीवरचे एक गाणे आणि शेवटी जवळजवळ चौदा मिनिटांची वाद्यरचना येते. बॉब मोल्ड आणि ग्रँट हार्ट हे दोघेही गाणी रचत, दोघेही गात, आणि त्यांच्यातील चुरस अल्बमभर जाणवते. त्याचे ध्वनिमुद्रण मला पातळ वाटते; ड्रम्सना अंग नाही आणि गिटार सगळ्यांवर पसरलेली आहे. तरीही त्या धुराळ्यातून सुरावट वर येते तेव्हा तिचा जो परिणाम होतो, तो स्वच्छ ध्वनिमुद्रणात झाला असता असे मला वाटत नाही.

दुसरा जोडअल्बम कॅलिफोर्नियातील सॅन पेड्रोच्या मिनिटमेन या बँडचा, ‘डबल निकल्स ऑन द डाइम’. त्यांच्याजवळ एका अल्बमपुरती गाणी तयार होती. हस्कर डू जोडअल्बम करत आहेत हे कळल्यावर त्यांनी आणखी गाणी रचली आणि एकूण संख्या चाळीसच्या वर गेली. त्यांपैकी बरीचशी दोन मिनिटांच्या आतली आहेत. या बँडमधील एक गोष्ट मुद्दाम कान देऊन ऐकावी. डी. बून आपल्या गिटारीतील खर्ज जवळजवळ काढून टाकतो; तिचा आवाज पातळ, कोरडा आणि टोकदार राहतो, त्यामुळे खालची सगळी जागा माइक वॉटच्या बेसला मोकळी मिळते. इतर बँडमध्ये गिटारीमागे दडणारा बेस येथे बरोबरीने बोलतो, आणि जॉर्ज हर्लीचे ड्रम्स दोघांना जोडतात. बँडमध्ये कोणी कोणाच्या वर नसावे, हा राजकीय विचार त्यांनी असा थेट आवाजाच्या रचनेत उतरवला होता. घोषणांनी भरलेल्या कितीतरी पंक गाण्यांपेक्षा मला हे राजकारण अधिक पटते. डिसेंबर १९८५मध्ये व्हॅनच्या अपघातात डी. बून गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. या संगीताचे त्याहून मोठे नुकसान मला माहीत नाही.

मायनर थ्रेटचा गायक इयन मकाय याने पुढे फुगाझी हा बँड उभा केला. तिकीट साधारण पाच डॉलर, कोणत्याही वयाच्या श्रोत्याला प्रवेश, आणि धक्काबुक्की करणाऱ्याला पैसे परत देऊन बाहेरची वाट, हे त्यांचे नियम सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या वादनाविषयी मात्र कमी बोलले जाते. त्यांचे ‘वेटिंग रूम’ केवळ बेसवर सुरू होते, ड्रम्स आणि गिटार येऊन मिळतात, आणि वीसेक सेकंदांनी सगळे एकदम थांबते. काही क्षण पूर्ण शांतता असते. नंतर तोच बेस पुन्हा उसळून येतो आणि आता त्याचे वजन दुप्पट वाटते. अतिद्रुत वाजवण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांनाच थांबण्याची ही किंमत कळू शकते, असे मी मानतो.

ही वाट १९९०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपियाच्या स्लेटर-किनी या बँडपर्यंत येते. त्यांच्याकडे तेव्हा बेस नव्हताच. कॉरिन टकर आणि कॅरी ब्राउनस्टीन या दोघी खालच्या पट्टीत लावलेल्या दोन गिटारी एकमेकींत अशा गुंफतात की बेसची उणीव भासत नाही. त्यांच्यावरून टकरचा कंपनयुक्त, टिपेचा आवाज जातो. १९९७चा ‘डिग मी आउट’ हा माझ्या मते त्या दशकातील सर्वोत्तम रॉक अल्बमांपैकी एक आहे. हार्डकोरवर वाढलेल्यांनी इंडीकडे येताना तो आधी ऐकावा, कारण त्यात त्यांना ओळखीचा आवेश भेटेल. इंडीकडून हार्डकोरकडे जाणाऱ्यांनी मिनिटमेनपासून आरंभ करावा, आणि मायनर थ्रेटकडे त्यानंतर वळावे. तोवर ४६ सेकंदांत किती ऐकायचे असते याची कानांना सवय झालेली असेल.