खिळे जुळवणारे अण्णा

माझे वडील, अण्णा, छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवणारे कामगार, होते. ओळखीचे लोक त्यांना 'शांत माणूस' म्हणतात आणि तिथेच थांबतात. मला ते वर्णन अपुरं वाटतं. अण्णांच्या शांतपणामागे एक शिस्त आहे, आणि ती त्यांना शाळेत किंवा देवघरात मिळाली नाही. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, हातात घेऊन ओळ भरायला शिकताना ती त्यांच्या अंगात उतरली. ते काम कसं चालायचं हे कळल्याशिवाय माणूस कळत नाही, म्हणून इथे कामाबद्दलच जास्त लिहिते आहे.

त्यांचा जन्म १९४१ चा, वाईजवळच्या एका खेड्यातला. वडील लवकर गेले. आजी दुसऱ्यांच्या हळदीच्या रानात खुरपणीला जायची. सातवी झाल्यावर पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून १९५६ साली मामांनी त्यांना पुण्याला आणलं. मामा ट्रेडल मशीनवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, होते. नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या, आणि त्यात सात माणसं. अण्णांना खरं वाढवलं ते मामांनी. मामांचे नियम मोजकेच, पण त्यांना अपवाद नसे. मागून आणलेली वस्तू त्याच दिवशी परत करायची. पगार देणाऱ्यासमोरच मोजून घ्यायचा. कामावरून आल्यावर हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यालाही शिवायचं नाही. हात धुण्याचीही रीत होती: आधी रॉकेलच्या चिंधीने शाई पुसायची, मग नखांच्या कडांपासून मनगटापर्यंत दोनदा साबण लावायचा. खिळा शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा असतो. त्याची करडी काजळी बोटांवर बसते, ती नुसत्या रॉकेलने जात नाही आणि घासाबरोबर पोटात जाते. अण्णा आजही बाहेरून आले की तसेच हात धुतात.

छापखान्यात त्यांना सुरुवातीचे सहा महिने ओळ भरायची स्टिक मिळाली नाही. पहिलं काम झाडलोट आणि खाली पडलेले खिळे वेचणं. हेही काम जपून करावं लागे. खिळ्याची उंची साधारण २३.३ मिलिमीटर, आणि अक्षराचा चेहरा अगदी टोकावर असतो. फरशीवर तोंडावर पडलेला खिळा बहुतेक वेळा वाया जातो, पण दिसायला मात्र चांगला दिसतो. त्यामुळे वेचलेला प्रत्येक खिळा उजेडात धरून चेहरा तपासायचा, चेपलेला असेल तर वितळवायच्या डब्यात आणि धड असेल तर आपल्या खणात. याच छापखान्यातल्या वयस्कर फोरमनने त्यांना जावजी दादाजींची गोष्ट सांगितली होती. जावजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला होते आणि त्यांनीच पुढे १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. वेचणीचं काम हलकं नाही, हे पोराला पटावं म्हणून सांगितलेली गोष्ट. अण्णांना ती पुरेपूर पटली.

त्यानंतरचं काम म्हणजे छापून झालेला मजकूर मोडून खिळे परत केसमध्ये, म्हणजे खणांच्या लाकडी पेटीत, टाकणं. देवनागरीला इंग्रजीसारख्या दोन केस पुरत नाहीत. त्यांच्या छापखान्यात चार केस होत्या, दोन समोर उतरत्या आणि दोन बाजूंना. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, रफार-मात्रा एकत्र, अनुस्वार, उकार, आकडे, विरामचिन्हं, सगळ्यांना स्वतंत्र खण. काना, त, र, य, ल, न, व, स ही सतत लागणारी मंडळी हाताच्या टप्प्यात मोठ्या खणांत. ङ आणि ञ कडेच्या लहान खणांत. खणांवर नावं लिहिलेली नसत. मोडताना डाव्या हातात चार-सहा ओळी धरायच्या, एक शब्द वाचायचा, उजव्या हाताने तो उचलायचा आणि एकेक अक्षर न बघता आपापल्या खणात सोडायचं. अशा रीतीने केसचा नकाशा हाताला पाठ होतो, आणि म्हणूनच शिकाऊ पोराला जुळवणीच्या आधी मोडणी देत.

अण्णांच्या स्वभावाचं मूळ मला इथे सापडतं. मोडताना ध चुकून घ च्या खणात पडला तर त्या क्षणी काहीच बिघडत नाही, कुणाला कळतही नाही. चार दिवसांनी दुसराच जुळारी घाईघाईने 'घर' जुळवायला जातो आणि छापून येतं 'धर'. त्याची मजुरी कापली जाते आणि चूक असते तुमची. घरात कात्री, सुई-दोरा, किल्ली जागेवर नसली तर अण्णा का अस्वस्थ होतात, याचं कारण हे आहे. त्यांना पसाऱ्याचा राग नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात तिथे जाईल आणि रिकामा परत येईल, हे त्यांना बघवत नाही.

जुळवणी अशी चाले. स्टिक म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेली लोखंडी पट्टी. तिची सरकती बाजू ओळीच्या मापावर पक्की करायची. डाव्या हातात स्टिक, अंगठा शेवटच्या खिळ्यावर. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, ती बोटाला लागली की खिळा सुलट आहे की उलट हे न बघता कळतं. मजकूर डावीकडून उजवीकडेच भरायचा, पण अक्षरं डोक्यावर उभी. अशा उलट्या ओळीत भ आणि म, थ आणि य, ष आणि प, ब आणि व यांची गल्लत नवख्याकडून हमखास होते.

त्यांच्याकडे मजकुराला डिग्री टाइप असे. अखंड टाइपात मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेलं असतं. डिग्रीत अक्षर वेगळं आणि त्याच्या वरचं-खालचं चिन्ह वेगळं, म्हणजे एका ओळीत तीन मजले. 'निर्मूलन' हा शब्द घ्या. आधी वेलांटी, मग न. मग म, त्याच्या डोक्यावर रफार आणि पायाशी दीर्घ उकार. मग ल, मग न. शेवटच्या दोन अक्षरांच्या वर आणि खाली काही नाही, पण ती जागा मोकळी सोडता येत नाही. तिथे कोरे तुकडे भरावे लागतात, नाहीतर शेजारचा रफार सरकून ल वर जाऊन बसतो. कागदावर न दिसणारं हे भरण दिसणाऱ्या अक्षरांइतकंच काळजीने करावं लागतं. डिग्रीचे ते बारीक तुकडे नवखे लोक घाईत विसरतात, आणि मग मशीनवर चढल्यावर मात्रा उडायला लागतात.

ओळ भरत आली की शेवटचा शब्द बसतो किंवा बसत नाही. बसत नसेल तर शब्दांमधल्या जाड फटी काढून पातळ घालायच्या. जागा उरत असेल तर उलट. फटी सारख्या वाटल्या पाहिजेत, आणि काना-मात्रांनी गजबजलेल्या शब्दांच्या मधे किंचित जास्त. ओळ नेमकी भरली की स्टिक जरा कलती केली तरी ती स्वतःच्या बळावर उभी राहते. सैल असेल तर खिळे डुलतात आणि छपाईत वर येतात. ठासून भरली तर स्टिकचं माप फाकतं आणि खालच्या सगळ्या ओळी लांब होतात. हे जास्त वाईट, कारण चूक पान बांधताना कळते. अण्णांनी घरातही कधी कुणाला ठासून कोंडलं नाही आणि सैलही सोडलं नाही. आम्हा भावंडांच्या परीक्षा, नोकऱ्या, लग्नं, प्रत्येक वेळी ते एवढंच विचारायचे, "उभी राहते का?" आईला तेवढ्यात अर्थ कळायचा, आम्हाला कळायला वेळ लागला.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा अण्णा वीस वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर छापखान्यात गाळ होता, लाकडी केस फुगून फाटल्या होत्या आणि चार आकारांचे टाइप एकमेकांत मिसळून जमिनीवर पसरले होते. शिसं गंजत नाही, त्यामुळे खिळे वाचले होते. हरवली होती ती त्यांची जागा. आधी चाळण्यांमधून पाण्याखाली गाळ काढला, मग खिळे पोत्यांवर वाळवले. वर्गवारी तीन फेऱ्यांत केली. पहिल्या फेरीत आकार: एक ओळखीचा १२ पॉइंटचा (पॉइंट हे टाइपाच्या आकाराचं माप) खिळा मधे ठेवून बाकीचे त्याला चिकटवून बघायचे, उंच-बुटके बाजूला. दुसऱ्या फेरीत खाच: एकाच आकाराच्या दोन वेगवेगळ्या ओतीव टाइपांच्या खाचा वेगळ्या ठिकाणी असतात, त्यावरून ते वेगळे करायचे. तिसऱ्या फेरीत अक्षर. उलट क्रमाने, म्हणजे आधी अक्षर शोधायला गेलं तर काम कितीतरी वाढतं. मालकाने पडेल भावाने सगळं वितळवायचं ठरवलं होतं. मामा आणि अण्णांनी दोन महिने रात्री बसून ते खिळे वाचवले. यासाठी जादा पैसे मिळाले का, असं विचारलं की अण्णा उत्तर देत नाहीत. मिळाले नसणार, असा माझा तर्क आहे.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नवे नियम सरकारने मान्य केले. जुळाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच बदल होता. तोवर 'घरांत', 'नांव', 'कांहीं', 'पांच' असं जुळवायचं. आता उच्चार नसलेले अनुस्वार गेले. 'कवि', 'हरि' यांची शेवटची वेलांटी दीर्घ झाली. वर्षानुवर्षं अनुस्वाराच्या खणाकडे आपोआप जाणारा हात थांबवणं अवघड असतं. अण्णांनी त्यावर युक्ती काढली: अनुस्वारांचा खणच हलवला आणि त्याच्या जुन्या जागी कोरे तुकडे भरले. हात सवयीने गेला तरी अनुस्वार हाताला लागत नसे आणि चूक तिथेच कळे. सवय मोडायची तर नुसत्या निश्चयावर भिस्त न ठेवता जागा बदलायची, ही त्यांची पद्धत. तंबाखू सोडतानाही त्यांनी कोटाचा तो खिसाच शिवून टाकला.

जुळवलेली पानं बांधून सपाट दगडावर छपाईच्या क्रमाने लावण्याचं काम पुढे त्यांच्याकडे आलं. डेमी अष्टपत्री पुस्तकाचं जुळवलेलं एक पान तीन किलोच्या आसपास जातं. सोळा पानी फर्म्यात, म्हणजे एकाच कागदावर छापून घडी घालायच्या पानांच्या गटात, आठ पानं एका बाजूला आणि आठ दुसऱ्या. क्रम डोळ्यांना विचित्र दिसतो, पण शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज नेहमी सतरा येते: १ आणि १६, ८ आणि ९, ४ आणि १३. लावणी झाल्यावर अण्णा आधी या बेरजा करत, मग चौकटीचा एक कोपरा बोटभर उचलून खालून हात फिरवत. एक जरी खिळा खाली सरकला तर पुन्हा सगळं सोडून कसायचं.

त्यांचे दोषही लिहिले पाहिजेत. ते चटकन निर्णय घेत नाहीत. प्रूफ दोनदा वाचल्याशिवाय छापायचं नाही, ही सवय त्यांनी घर घेण्याच्या वेळीही लावली आणि चांगली जागा हातची गेली. कौतुक करत नाहीत. चूक नसेल तर बोलायचं कशाला, असा त्यांचा हिशोब. छापखान्यात तो चालतो, लहान मुलांना तो टोचतो. आणि लग्नपत्रिका देणाऱ्याच्या समोरच ते खिशातलं पेन काढतात.

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या बऱ्याच छापखान्यांप्रमाणे त्यांच्याकडेही संगणकावर अक्षरजुळणी आली. टाइप भंगारात किलोवर गेला. अण्णांनी संगणक शिकायचा प्रयत्न केला, बोटं जड पडली, तेव्हा त्यांनी मुद्रितशोधन घेतलं. त्यांची रीत अशी: पहिलं वाचन मूळ मजकुराशी ताडून, मोठ्याने, विरामचिन्हांसकट. दुसरं एकट्याने, ओळीखाली पट्टी धरून, फक्त अक्षरांसाठी. तिसरं शेवटच्या ओळीकडून पहिलीकडे, म्हणजे अर्थ डोळ्यांना फसवत नाही. चौथं फक्त नावं, आकडे आणि मथळे. मथळ्यातली चूक सगळ्यात उशिरा सापडते, कारण मोठं अक्षर बरोबरच असणार असं डोळा धरून चालतो.

आता पंच्याऐंशीच्या घरात असले तरी ओळखीच्यांचे लेख ते वाचून देतात. सध्या त्यांचा सगळा जीव ऱ्य आणि र्य यांत अडकला आहे. खिळ्यांच्या काळात आडव्या ऱ् ला स्वतंत्र खण होता, त्यामुळे गोंधळ कमी. फोनवर टाइप करणारे सरसकट रफार देतात. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर विद्वान गुरुजी येतील आणि 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी. अण्णांची कसोटी सोपी आहे: मूळ शब्दातच र्य असेल, जसं सूर्य, कार्य, आचार्य, तर रफार, 'सूर्याला'. मूळ शब्दात रा किंवा री असून विभक्तीमुळे पुढे य आला असेल, जसं दुसरा, वारा, आचारी, तर ऱ्य, 'दुसऱ्याला'. परवा एका नातवाला त्यांनी हे समजावलं आणि लगेच शंभर शब्दांची यादी करून दिली. यादीतले पन्नास बरोबर आहेत, पन्नास मुद्दाम चुकवलेले. कुठले ते सांगितलेलं नाही.